ओट्यावरची घागर

मी इंग्रजी शिकले ती रुईच्या धुरळ्यात. जळगावात मॅडमच्या वडिलांचा गादी कारखाना होता. खाली कापूस पिंजायचं यंत्र आणि वर माडीवर मॅडमची शिकवणी. यंत्र सुरू झालं की माडीच्या लाकडी फळ्या थरथरायच्या आणि टेबलावर ठेवलेला खडू आपोआप कडेकडे सरकत जायचा. मॅडमनी टाच दोनदा आपटली की खाली चाचा, म्हणजे मॅडमचे वडील, यंत्र बंद करायचे. तेवढ्यात महत्त्वाचं वाक्य सांगून घ्यायचं, की पुन्हा घरघर सुरू. बसायला आम्हाला शिवून तयार असलेल्या, पण गिऱ्हाईक अजून न्यायला न आलेल्या गाद्या असायच्या. पंखा लावला तर रुई उडायची, बंद केला तर घामाच्या धारा लागायच्या, आणि वर्ग भर उन्हाळ्याच्या सुट्टीत. जळगावचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला मी काय सांगायचं, आणि ज्याने काढला नाही त्याला सांगून कळणार नाही. घरी परतताना वेणीत, भुवयांत, पापण्यांवर रुई. आमच्या गावच्या, असोद्याच्या बसमध्ये बायका म्हणायच्या, ‘आली बघा म्हातारी शिकून.’ आजही नव्या गादीचा वास आला की माझ्या डोक्यात हॅव बीन, हॅड बीन सुरू होतं. हसू नका, खरंच होतं.

मॅडमची शिकवायची एक तऱ्हा होती, ती पुढे मी जन्मभर वापरली. पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरातलं एक माणूस निवडायचं आणि मग सगळे काळ त्याच माणसावर चालवायचे. पुस्तकातले राम आणि सीता नकोत, ते कुणाच्या घरी जेवायला येत नाहीत, असं त्या म्हणायच्या. फैजपूरच्या एका मुलीने आजोबा निवडले. ते उन्हाळाभर विडी ओढत होते, ओढून झाले होते, ओढत राहणार होते. एका पोराने म्हैस निवडली. मॅडम म्हणाल्या, ‘अरे, म्हैस घरातलं माणूस आहे का?’ तो म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे आईच्या खालोखाल तीच.’ मॅडमनी म्हैस मान्य केली. मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना निवडलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. आमच्या घरातली निम्मी वाक्यं आबांवरच चालायची, सवयीने तेच नाव तोंडात आलं असेल. माय फादर गोज टू डेल्ही. माय फादर वेंट टू डेल्ही. माय फादर हॅज गॉन टू डेल्ही. मॅडम ‘शाब्बास’ म्हणाल्या. वाक्य बरोबर होतं.

आबा केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला जायचे. बागेत घड कापले, पाल्यात नीट रचून गाडी भरली, की माल बाजारात पोचेपर्यंत त्याच्यासोबत एक जाणतं माणूस लागायचं. ऊन लागू द्यायचं नाही, दाबू द्यायचं नाही, आणि तिकडच्या व्यापाऱ्याशी भाव बोलायचा. मी शिकवणीला जायच्या काही वर्षं आधी, एका खेपेला ट्रक परत आला आणि आबा आले नाहीत. ड्रायव्हर आमच्या ओट्यावर बसून सांगत होता. ग्वाल्हेरच्या अलीकडे ढाब्यावर गाडी थांबवली, आबा म्हणाले, ‘पाणी पिऊन येतो,’ आणि मागच्या बाजूला गेले. ते आलेच नाहीत. त्याने हॉर्न वाजवला, रान धुंडाळलं, ढाबेवाल्याला विचारलं, पण माल पिकायला लागला होता म्हणून शेवटी निघाला. त्याचा आवाज रडवेला होता. आईने त्याला पाणी दिलं, आणि देता देता तिचा तांब्या मध्येच थांबला, एवढं मला आठवतं. पुढे नाना, माझे काका, फोटो घेऊन दोनदा तिकडे जाऊन आले. पोलिसांत नोंद झाली. काही निघालं नाही.

ड्रायव्हर सांगून गेला त्या दिवशी घरात शेवभाजी होती. मी पोटभर जेवले. वर कांदा मागून घेतला. मला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. पायावर बसून बसून पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी तो दुसऱ्याचाच लागतो, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. शाळेत गेले, पहिली येत राहिले. आता याला डॉक्टरांकडे नाव असेल, गोळ्याही असतील. तेव्हा आमच्या आत्याबाई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, त्यांनी एका वाक्यात निदान केलं. ‘पोर नही, दगड शे.’ अक्का आबांची थोरली बहीण, दिलेली धुळ्याकडे, बोलणं सगळं तिकडचं. आबांना लहानपणी त्यांनीच कडेवर वाढवलेलं. त्या माझ्याकडे बघून बघून रडायच्या आणि मी त्यांना पदर नीट करून द्यायचे.

आईचं मात्र सगळं चालू होतं. सकाळी ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून झाली, की मिरचीचा ठेचा घालण्याआधी ती एक वाटी बाजूला काढायची, कारण ‘त्यांना तिखट चालत नाही’. रात्री ती वाटी मीच संपवायचे. शेजारणी आधी बोलायच्या, मग कुजबुजायच्या, मग तेही बंद झालं. कुणी विचारलं तर आई म्हणायची, ‘येतील.’ नाना म्हणायचे, ‘येईल.’ मी काही म्हणत नसे, आणि मला कुणी विचारतही नसे. वर्षं गेली. आबांच्या चपलांचा जास्तीचा जोड दारामागे होता तो होताच. दर सणाला आई तो पुसायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची.

शिकवणीच्या त्या उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती. सुट्टी द्यायच्या आधी मॅडमनी भविष्यकाळ काढला. आम्हाला वाटलं, भविष्य म्हणजे काय, विल लावलं की झालं. मॅडम म्हणाल्या, ‘नाही बेटा. पुढचं बोलायच्या चार वाटा आहेत.’ अंदाज असेल, वचन असेल, तर विल. डोळ्यांसमोर खूण दिसत असेल, किंवा मनाने आधीच ठरवलं असेल, तर गोइंग टू. ठरून, सांगून, तयारी झालेली असेल तर चक्क चालू वर्तमानकाळ, आय अ‍ॅम गोइंग टुमॉरो. आणि गाडीच्या वेळापत्रकासारखं पक्कं असेल तर साधा वर्तमानकाळ, द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स. आणि एक, ‘जेव्हा’ म्हणून बोलाल तिथे विल घालायचं नाही. व्हेन ही विल कम म्हणाल तर कान पिळीन, व्हेन ही कम्स म्हणा. सगळ्यांनी आपापल्या माणसावर चारही वाटा चालवून दाखवायच्या होत्या. म्हैस विणार होती, त्यामुळे त्या पोराचं काम सोपं झालं, शी इज गोइंग टू हॅव अ बेबी, वर्गभर हशा. मग मी उभी राहिले. ‘माय फादर विल कम.’

‘ठीक. आता गोइंग टू. काही खूण सांग. पत्र आलंय? कुणाबरोबर निरोप?’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘बरं, मग ठरलेलं सांग. कोणत्या दिवशी येतात?’

‘ठरलेलं नाही मॅडम.’

‘अरे, घरी काही तरी सांगून गेले असतील ना?’

‘पाणी पिऊन येतो म्हणाले.’

खाली यंत्र चालू होतं. मॅडमना वाटलं, दिल्ली नुसती वाक्यापुरती, आबा आत्ता जळगावातच कुठे तरी आहेत. त्या हसून म्हणाल्या, ‘मग तर आलेच समज.’ आमच्या गावची पुष्पा माझ्या शेजारी बसायची, ती ढसाढसा रडायला लागली. मॅडम घाबरल्या. त्यांनी टाच आपटली, यंत्र थांबलं, आणि त्या शांततेत पुष्पाने सगळं सांगून टाकलं. मी उभीच होते. वेणीतली रुई काढत होते. मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला, आणि मला त्यांची दया आली, माझी नाही. सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, ‘शोभा बेटा, दुसरं माणूस घे. आई घे.’ मी म्हटलं, ‘नको मॅडम. हेच पाठ झालंय.’

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. गावात कडुलिंबाच्या झाडांना झोके, गाणी, घराघरांत आमरस आणि खापरावरचे मांडे. पण त्याच दिवशी गेलेल्यांचाही मान असतो. त्यांच्यासाठी लाल मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर छोटा लोटा, त्यावर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, आणि सांजोऱ्या. वैशाखात मेलेल्यांना तहान लागते, ती वर्षाची तहान त्या पाण्याने भागते, असं मानतात. सकाळी उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाचं बोट उमटवायचं, एका माणसाचं एक बोट, त्याचं नाव घेऊन. आमच्या घरात नावं नाना घ्यायचे आणि बोट मी उमटवायचे, कारण घरातली लेक मी एकटीच. लहानपणी मला हे काम फार आवडायचं.

त्या वर्षी अक्का धुळ्याहून आल्या त्या मांडीवर घागर घेऊन. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, बसच्या सगळ्या खड्ड्यांतून पोटाशी धरून आणलेली. घागरी काय, जळगावातही ढीगभर मिळत होत्या. आई म्हणाली, ‘एवढी लांबून कशाला आणली अक्का? आम्ही आणली आहे की सासऱ्यांसाठी.’ अक्का पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘ही त्यानी नही. ही मन्हा भाऊनी शे.’ आणि मग, सांगायचं नव्हतं तरी सांगून गेल्या, की बसमध्ये गर्दी होती, एक माणूस सारखा रेटत होता, तर त्याला त्या म्हणाल्या, ‘रेटू नको रे दादा, मन्हा भाऊ शे मांडीवर.’ सांगताना त्या हसल्या आणि हसता हसता तोंडात पदर कोंबला. ‘जित्या माणसाची घागर भरता का, अक्का?’ एवढंच आई बोलली आणि चुलीकडे गेली. घागर कोपऱ्यात, लुगड्यातच.

सकाळी मी उंबरठा धुतला. वाटीत कुंकू कालवलं. आई आत मांडे करत होती, कोपरापर्यंत हात कणकेचे, पालथ्या खापराखाली जाळ. नाना एकेक नाव घेत होते, मी एकेक बोट उमटवत होते. पणजोबा, पणजी, आजोबा, आजी, एक लहानपणी गेलेला चुलता. मग नाना थांबले. एरवी इथेच संपायचं. अक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी आबांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. माझं बोट कुंकवात बुडवलेलं होतं. मी नानांकडे पाहिलं. नाना जमिनीकडे बघत होते. आतून आई म्हणाली, ‘शोभे, बोट उचल.’

ती दारात आली. मी तिला इतकं रागावलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ‘हे बोट उमटलं की माझ्या कपाळावरचं काय करायचं, ते आधी सांगा. बांगड्या कुठं फोडू? ओट्यावर की मागच्या दारी?’ नाना म्हणाले, ‘तसं नाही वहिनी.’ ‘मग कसं?’ अक्का रागावल्या नाहीत, मला वाटलं होतं त्या भांडतील. त्या हळूच आईला म्हणाल्या, ‘बठ्ठासन्या घागरी भरतस, मन्हा भाऊनीच का बरं नही? कमल, तो पानी पेवाले उतरना व्हता. पिना का नही पिना, कोनले माहीत?’

मी दोघींच्या मधे उंबरठ्यावर बसले होते, बोट वर. दोघीही बरोबर होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. एक आबांना मारायला तयार नव्हती आणि दुसरी त्यांना तहानलेलं ठेवायला तयार नव्हती. आणि मी? मला वाटत होतं की कुंकू वाळतंय आणि कुणी तरी लवकर काय ते ठरवावं. एवढंच. खोटं कशाला लिहू.

आईने हात धुतले. आत जाऊन लुगड्यातून घागर काढली, रांजणातलं पाणी भरलं, वाळा टाकला. घागर कमरेवर घेऊन ती माझ्या अंगावरून उंबरठा ओलांडून बाहेर गेली. ओट्याच्या कडेला, जिथे लिंबाची सावली पडते, तिथे वाळू पसरून तिने घागर ठेवली आणि वर लोटा पालथा घातला. डांगर ठेवलं नाही, सांजोरी ठेवली नाही. ‘बोट नको,’ ती म्हणाली. ‘घागर राहू द्या. रस्त्यानं जाणारा-येणारा पिईल. ते आले तर तेही इथंच पितील. आणि नसतील, तर कोणाच्या तरी घशातून पोचेल त्यांना.’ अक्का उठल्या, घागरीला हात लावून आल्या आणि आईच्या शेजारी चुलीपाशी जाऊन बसल्या. मी बोट परकराला पुसलं. नखातलं कुंकू मात्र गेलं नाही.

दुपार झाली. बाहेर ऊन असं की ओट्याच्या फरशीवर पाय ठरत नव्हता. घरात आमरस, मांडे, कुरडया, सगळं होतं, सगळे जेवत होते, आणि बाहेर लोटा वाजला. मातीच्या घागरीवर पितळेचा लोटा ठेवला की एक बारीक आवाज येतो. आई हातातला मांडा तसाच सोडून उठली, दारापर्यंत गेली, बघून परत आली. शेजारच्या शेतातला गडी होता. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. ती पुन्हा उठली. बांगडीवाला होता. मग एक सायकलवाला, मग झोक्यावरून आलेल्या पोरी. प्रत्येक वेळी ती उठायची, प्रत्येक वेळी दारापर्यंत. खापरावर मांडा करपला. अक्का म्हणाल्या, ‘तुन्हा मांडा जळी राहिना, कमल!’ आई हसली. कितीतरी दिवसांनी ती हसलेली मी पाहिली. आखाजीला गेलेल्यांचा घास विस्तवाला देतात, तसा त्या जळक्या मांड्याचा तुकडा अक्कांनी विस्तवावर टाकला आणि कुणाचंही नाव न घेता हात जोडले. संध्याकाळी घागर रिकामी झाली होती. अक्कांनीच ती पुन्हा भरली.

सुट्टीनंतर वर्गात मॅडमनी माझं नख पाहिलं. त्यांनी फळ्यावर पुढचा धडा लिहायला घेतला, फ्यूचर परफेक्ट, म्हणजे पुढे एखाद्या दिवशी जे होऊन गेलेलं असेल ते, आणि मी वहीत उतरवून घेतला. मला तो एका दिवसात आला. म्हैस व्याली होती, पारडी झाली होती, ती बातमी वर्गाला त्याच धड्यात कळली.

त्यानंतर दर आखाजीला ओट्यावर घागर बसायची ती पहिला पाऊस पडेपर्यंत. अक्का दर वर्षी धुळ्याहून नवी आणायच्या, मांडीवर. गावाला त्याची सवय झाली. शेतावरून येणारे मुद्दाम आमच्या दारावरून जायचे, म्हणायचे कमलकाकूंचं पाणी गार असतं. आणि दिवसातून जितक्या वेळा लोटा वाजेल तितक्या वेळा आई उठायची. भाकरी थापत असली तरी, अंगात ताप असला तरी. मला त्या उठण्याचा कधी कधी संताप यायचा. पण तो संताप होता, निदान काहीतरी होतं.

माझं लग्न ठरलं, धुळ्यालाच, अक्कांच्या ओळखीतलं. त्या उन्हाळ्यातली एक दुपार. आई आणि मी समोरासमोर बसून कुरडयांचा चीक हलवत होतो. बाहेर लोटा वाजला. मी नेहमीसारखी पातेलं धरायला हात पुढे केला, म्हणजे ती उठली की चीक लागायला नको. आई उठली नाही. तिने ऐकलं होतं, तिचा हात क्षणभर थांबला होता. मग ती पुन्हा हलवायला लागली. खाली मान, कपाळावर कुंकू, घामाने जरा पसरलेलं. मी तिच्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांचं सगळं एकदम आलं. ड्रायव्हर, तांब्या, वाटीतलं बिनतिखटाचं भरीत. मी पातेलं सोडलं आणि मीच उठले, दारापर्यंत पळत गेले. ओट्यावर कुणी तरी म्हातारा पाणी पिऊन तोंड पुसत होता. मी दाराला धरून रडले. तो बिचारा घाबरला, म्हणाला, ‘काय झालं माय, पाणी प्यायचं नव्हतं का?’ मी म्हटलं, ‘प्या बाबा. आणखी प्या.’

आता अक्का नाहीत, नाना नाहीत, आईही गेली. ती सवाष्ण गेली असं गावाने मानलं आणि तिला हिरव्या लुगड्यात नेलं. आखाजीला मी धुळ्याच्या घराचा उंबरठा धुते आणि सासरच्यांच्या बोटांशेजारी माहेरच्या तिघांची बोटं उमटवते. लेकीने सासरच्या उंबरठ्यावर माहेरचं बोट उमटवायची रीत नाही. यांनी एकदा विचारलं, मी एकदा सांगितलं, मग विषय संपला. आबांचं बोट मी अजून उमटवलेलं नाही. त्यांची घागर फाटकाजवळ, बाहेर, कडुलिंबाखाली असते. आज ते असतील तर किती म्हातारे असतील, हे मला कळतं. मला सगळं कळतं.

यंदाच्या आखाजीलाही मी शिकवणीला सुट्टी दिली नाही, कारण वर्ग आता मोबाइलवर भरतो आणि पोरांना परदेशी जायच्या परीक्षा असतात. चार वाटांचाच धडा होता. अंदाजाला विल, खुणेला गोइंग टू. शिरपूरचा एक मुलगा पडद्यावर आपल्या वडिलांवर वाक्य करत होता आणि बाहेर लोटा वाजला. मी बोलता बोलता उठले. मागून मोबाइलमधून त्याचा आवाज आला, ‘मॅडम, कुणी येणार होतं का?’

‘नाही रे,’ मी म्हटलं. ‘तू वाक्य पुरं कर. मी बघून येते.’